खाली ठेवलेलं फिंजान

त्या आठवड्यात आमच्या फ्रीजला साखळी आणि कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या गळ्यात. हसायचं असेल तर हसा. पण ज्याच्या घरात सहासष्ट किलोच्या गटात लढणारा पोरगा आहे त्यानेच हसावं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसावं.

मी फिद्दा. अम्मानजवळच्या झरका गावात मला सगळे बिशरची आत्या म्हणून ओळखतात, आणि माझ्या जिभेला हाड नाही म्हणूनही. बिशरची आई गेली तेव्हापासून भावाचं घर मीच चालवते. लोकांना वाटतं, पोराचा हा धंदा म्हणजे पिंजऱ्यात शिरायचं, चार ठोसे द्यायचे, दोन खायचे, कुणाच्या तरी मानेला विळखा घालायचा आणि हात वर करून फोटो काढायचा. अहो, ते वर्षातून दोनदा-तीनदा. उरलेलं वर्ष माझ्या स्वयंपाकघरात जातं. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, काकडी, पुन्हा कोंबडी. पहाटे पळायचं, सकाळी बापाच्या गॅसच्या गाडीवर सिलिंडर चढवायचे-उतरवायचे, दुपारी कॅप्टन वाएलच्या तालमीत मार खायचा आणि संध्याकाळी तिथेच पोरांना शिकवायचं. कान तर असे झालेत, की मुठीत चुरगळून टाकलेली भाकरी बरी. कुणी मुलगी द्यायला येतं, आधी कान बघतं आणि मग चहा न घेताच उठतं.

गेल्या वर्षी बहारीनला त्याचं वजन पाऊण किलोने जास्त भरलं. लढाई झाली, जिंकलासुद्धा, पण आयोजकांनी तोंडावर सांगितलं, पुन्हा असं झालं तर करार संपला. या वेळची लढाई शुक्रवारी, अम्मानला. गुरुवारी सकाळी तिथल्या हॉटेलात वजन. काट्याने सहासष्ट दाखवलं तर पोरगा लढवय्या, नाही दाखवलं तर जन्मभर गॅसवाला. इतकं सरळ होतं सगळं.

आणि त्याच आठवड्यात रविवारी त्याने बाजारात थोबाडीत खाल्ली.

झालं असं, की गॅसची गाडी घेऊन तो बाजारातल्या चढावर निघाला होता. गॅस आला हे कळवणारं गाडीचं गाणं वाजत होतं. पोटात अन्न नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली, ब्रेकवरचा पाय सैल पडला आणि गाडी चार हात मागे घरंगळली. मागे नायफचं दुकान. नायफ म्हणजे कॉफी आणि शेंगदाणे-बदाम भाजून विकणारा. अर्धा बाजार त्याच्या दुकानाच्या वासावरच जागा होतो. दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत त्याचा म्हातारा बाप उन्हाला बसला होता. गाडी खुर्चीला लागली, म्हातारा आडवा. लागलं काही नाही, देवाची कृपा. पण बाप जमिनीवर पडलेला बघून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? बिशर गाडीतून उतरून म्हाताऱ्याला उठवायला धावला, तर नायफने त्याच्या मुस्काटात अशी भडकावली, की पलीकडच्या फुटपाथवर ऐकू गेली.

बिशरने काय करावं? त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले. बस्. म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, चूक माझी." आणि गाडीत बसून निघून आला.

कुण्या मेल्याने फोनवर हे सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाने बघितलं. वर लिहिलं होतं, 'चॅम्पियनची चापट-पोळी'. मी ते बघितलं आणि लाटणं घेऊनच निघाले होते, भावाने दार अडवलं म्हणून.

"का नाही मारलंस रे?" मी बिशरला विचारलं. गाल अजून लाल होता.

"आत्या, मी मारलं असतं तर तो उठला नसता."

"नसता उठला तर नसता उठला!"

"त्याचा बाप खाली पडला होता. माझ्यामुळे." तो आरशासमोर उभा राहून ओठांना तूप लावत होता. पाणी कमी केलं की ओठ फाटतात. "आणि कॅप्टनचा नियम तुला माहीत आहे. रस्त्यावर हात उचलला त्याला तालमीचं दार बंद."

पण घर म्हणजे काही तालीम नाही. माझा धाकटा भाऊ हायल, म्हणजे बिशरचा काका, त्याने घर डोक्यावर घेतलं. "थापड त्या पोराच्या गालावर नाही पडली, आपल्या सगळ्यांच्या गालावर पडली! मूठभर चड्डी घालून परक्या मुलखात मारामाऱ्या करतो आणि आपल्या बाजारात हात मागे बांधतो? काय कामाचे ते हात? भांडी घासायला ठेव फिद्दाच्या हाताखाली."

"तुझ्यापेक्षा बरी घासेल," मी म्हटलं.

हायल आपल्या पोरांना घेऊन नायफचं दुकान फोडायला निघालाच होता. तेवढ्यात गावातली जाणती माणसं मध्ये पडली आणि त्यांनी दोन्ही घरांत तह करून दिला. बुधवारी सूर्य मावळेपर्यंत कुणी कुणाला बोट लावायचं नाही. तोवर नायफच्या घराण्यातले वडीलधारे आमच्या दारी जाहा, म्हणजे समेटाचं मंडळ, घेऊन येतील, माफी मागतील, आणि मग काय ते ठरेल. म्हणजे बुधवारी दुपारची नमाज झाली, की पन्नासेक माणसं आमच्या बैठकीत. आणि गुरुवारी सकाळी काटा.

कॅप्टन वाएलला हे कळलं तेव्हा तो डोकं धरून आमच्या पायरीवर बसला. "फिद्दाबाई, बुधवार म्हणजे शेवटचा दिवस. त्या दिवशी पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि तुमच्या समेटात काय असतं? मन्सफ!"

मन्सफ म्हणजे काय ते मला सांगता? आंबट-खारट दह्यात शिजलेलं मटण, खाली भात, वर तूप. समेट झाला की तेच ताट येतं आणि ज्याचा अपमान झाला त्याने पहिला घास घ्यायचा असतो. त्याने नाही घेतला तर समेट झालाच नाही. आणि त्या खाऱ्या दह्याचे चार घास सुकलेल्या अंगात गेले की अंग पाणी धरून बसतं. मग रात्रभर वाफेत कोंडलं तरी सोडत नाही.

"पुढे ढकला," कॅप्टन म्हणाला.

"समेट पुढे ढकलला तर हायल रात्री दुकान जाळेल," माझा मोठा भाऊ मुफलिह म्हणाला. बिशरचा बाप. तो कमी बोलतो आणि पोराची एकही लढाई त्याने बघितलेली नाही.

बुधवारी सकाळी मी बिशरला समोर बसवलं. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. तोंडात आंबट गोळी धरून बाटलीत थुंकत होता. असेच तोळे-मासे उतरवतात हे लोक. मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर हात ठेव."

"कशाला?"

"ठेव म्हणते ना! आणि शपथ घे. काट्यावरून उतरेपर्यंत ओठांच्या आत काही जाणार नाही. पाणी नाही, कॉफी नाही, घास नाही. कुणीही सांगितलं तरी."

"कॉफीचं काय, आत्या? समेटात कॉफी—"

"घोट घेतलास की ताट येणार. मग ताटाला नाही कसं म्हणशील? शपथ घे."

त्याने घेतली. मला वाटलं, फार शहाणपणा केला.

दुपारी माणसं आली. पांढरे-लाल रुमाल, काळे झगे, काठ्या. अंगणात त्यांनी आणलेली मेंढरं कापली गेली आणि माझ्याच चुलीवर हंडे चढले. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे. बायकांनी पलीकडे जायचं नसतं, पण पडद्याला भोक असू नये असं कुणी म्हटलेलं नाही. मी डोळा लावून उभी राहिले.

जाहाच्या पुढे होते हाजी सलामा, नायफच्या घराण्यातले सगळ्यात मोठे. नायफ दाराजवळ खाली मान घालून बसला होता. चाळिशीचा माणूस, आंगठ्यांना कॉफीचा काळा रंग. कॉफीवाल्याने किटलीतून फिंजानात, म्हणजे बिनकानाच्या इवल्या कपात, दोन घोट ओतून हाजींना दिले. हाजींनी फिंजान घेतलं आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवलं.

"कॉफी घ्या हाजी," मुफलिह म्हणाला.

"कॉफी तुमची गोडच आहे, अबू बिशर. पण आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय ओठाला लागायची नाही. आमच्या पोराचा हात सुटला. तोंड वर करायला जागा नाही. तुम्ही सांगाल ते आम्हाला कबूल."

"हक्क माझा, म्हणजे बापाचा, नाही," मुफलिह म्हणाला. "ज्याच्या गालावर हात पडला त्याचा."

मग बिशर बोलला. घसा इतका कोरडा की आवाज दळणासारखा येत होता. "हाजी, आधी मी माफी मागतो. माझ्या गाडीने आजोबांना पाडलं. थापड मी सोडून दिली. कॉफी घ्या."

"देव तुझा चेहरा उजळो!" हाजी म्हणाले आणि त्यांनी कॉफी प्यायली. मग एकेकाने प्यायली, फिंजान हलवून परत दिलं. आमच्याकडे फिंजान हलवलं म्हणजे पुरे. हलवलं नाही तर ओतणारा ओततच राहतो. बैठकीत हसणं-बोलणं सुरू झालं, कुणी विनोद केला, हायल तेवढा तोंड वाकडं करून बसला होता. आणि फिंजान फिरत फिरत बिशरकडे आलं.

त्याने उजव्या हाताने घेतलं, ओठांपर्यंत नेलं. मला दिसलं, त्याच्या नाकपुड्या फुलल्या. वेलदोड्याचा वास, आणि आदल्या रात्रीपासून पाणी न मिळालेला माणूस. तो तसाच थांबला. आणि मग त्याने फिंजान खाली गालिच्यावर ठेवलं.

अरे देवा! मी पडदा मुठीत धरला.

हसणं जागच्या जागी बंद झालं. कारण आमच्यात फिंजान न पिता खाली ठेवायचं म्हणजे एकच अर्थ: माझं मागणं आहे, ते पुरं झाल्याशिवाय पिणार नाही. जिभेने माफ केलं आणि फिंजानाने नाही. आत बसलेल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही की पोराला वजन करायचंय! कुणाच्या मनात येणार? ते सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

"वा रे वा!" हायल ताडकन उठला. "हा खरा माझा पुतण्या! मला वाटलं मेलं रक्त. सांग बिशर, सांग यांना. थापडेला थापड! वसूल कर!"

हाजी सलामांचा चेहरा पडला. "पोरा, तू सोडली म्हणालास."

बिशरचं तोंड उघडलं पण शब्द बाहेर येईना. जीभ टाळूला चिकटली असणार. आणि तेवढ्यात दाराजवळचा नायफ उठला. त्याने डोक्यावरचा काळा गोफ काढला, रुमाल काढला, भर बैठकीत उघड्या डोक्याने चालत आला आणि बिशरसमोर गुडघे टेकून बसला. गाल पुढे केला.

"घे," म्हणाला. "तुझा हक्क आहे. आजोबा म्हणालास माझ्या बापाला त्या दिवशी, आणि मी हात उचललेला होता. तेव्हापासून झोप नाही मला. घे, मोकळा कर."

त्याने डोळे गच्च मिटले होते. अहो, का नाही मिटणार? बिशरची थापड म्हणजे काही नायफची थापड नव्हे. दात शोधायला माणसं लावावी लागली असती. ही सगळी माझ्या शपथेची करणी. मनात आलं, पडदा सारून आत जावं आणि ओरडावं, पी रे बाबा, माझ्या डोक्याचं काय व्हायचं ते होवो! एक पाय मी उचललासुद्धा.

बिशरने नायफच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला उठवून शेजारी बसवलं. मग घसा खरवडून म्हणाला, "माझं एक मागणं आहे."

"बोल!" हायल.

"काका, बसा खाली. हाजी, उद्या सकाळी अम्मानला माझं वजन आहे. तोवर पाणी प्यायचं नाही, काही खायचं नाही. हे फिंजान मी आत्ता प्यायलो तर ताटाला नाही म्हणता येणार नाही, आणि ताटाला हात लावला तर माझी सात वर्षं पाण्यात जातील. मागणं एवढंच, की हे फिंजान मी उद्या पिईन. काट्यावरून उतरल्यावर. नायफभाऊंच्या दुकानची कॉफी, नायफभाऊंच्या हातची. तोवर कुणी राग धरू नये."

हाजी सलामा असे हसले की त्यांना खोकला आला. "म्हणजे एवढ्या म्हाताऱ्यांचा जीव टांगणीला लावलास तो कॉफी उद्या पिण्यासाठी?"

"आणि वजन नाही उतरलं तर?" हायलने लगेच खुसपट काढलं. "मग फिंजान तसंच! मग तह संपला!"

"असं होणार नाही, काका."

"पण झालं तर?"

"होणार नाही म्हटलं ना."

तो आवाज मला ओळखीचा होता. पाचव्या वर्षी सायकलवरून पडून हाड मोडलं होतं तेव्हा डॉक्टरला म्हणाला होता, रडणार नाही. नाही रडला.

हाजी उठले. "ठीक आहे. पोराचं फिंजान उद्यावर गेलं, तर ताटही उद्यावर. तो उपाशी आणि आम्ही मटण ओरपायचं, हे आमच्या घराण्यात होत नाही. उद्या त्याने फिंजान हलवेपर्यंत तह माझ्या जामिनावर. चला, उठा!"

आणि ती एवढी मोठी मोठी माणसं शिजलेल्या हंड्यांकडे बघत, आवंढे गिळत उपाशी घरी गेली. मी हंडे झाकले. जिथे आठवडाभर एका पोराची उपासमार चालली होती तिथे त्या दिवशी दोन घराणी उपाशी निजली. हायलने रात्री चोरून एक हाड मागितलं. मी झाकणावर पळी आपटली.

सकाळी अम्मानच्या त्या हॉटेलात एकीकडे कॅमेरे, चकचकीत पोरी, गोंदवलेले लढवय्ये. आणि दुसरीकडे आमची वरात. काठ्या टेकत म्हातारे आले होते, मधे नायफच्या कॉफीची मोठी पितळी किटली, आणि ती गार होऊ नये म्हणून स्वतःच्या रुमालात गुंडाळून पोटाशी धरणारा कोण, तर हायल! "मी काही त्याच्यासाठी आलो नाही," तो मला म्हणाला. "किटली घरची आहे, कुणी पळवेल."

मुफलिहसुद्धा आला होता. कोपऱ्यात उभा, हातात माळ.

बिशर काट्यावर चढला. दोघांनी टॉवेल आडवा धरला, त्याने अंगावरचं सगळं काढलं. मी तोंड फिरवलं नाही. ज्याला न्हाऊ घातलंय त्याची कसली लाज? बरगड्या मोजता येत होत्या. काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला आणि मान हलवली. दोनशे ग्रॅम जास्त.

एक कपभर पाणी. तेवढंच.

"एक तास मिळतो," कॅप्टन वाएल म्हणाला. "एक तासात पुन्हा काटा. पण अंगात घामच उरलेला नाही याच्या. गाडी! उन्हातली गाडी, काचा बंद, हीटर चालू. मी बसतो सोबत."

हाजींची जुनी काळी मर्सिडीज उन्हातच उभी होती. हाजींनी किल्ली काढून दिली. कॅप्टन दार उघडणार तोच नायफ पुढे झाला.

"मी बसतो."

"तुला काय कळतं यातलं?"

"काही नाही. पण अडकलंय ते माझं. मी बसणार."

कॅप्टनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. मी काचेला नाक लावून उभा आहे. याला झोपू द्यायचं नाही. बोलत ठेवायचं. डोळे मिटायला लागला तर गालावर मारायचं, आणि तरी नाही उघडले तर ताबडतोब दार उघडायचं. वजन गेलं खड्ड्यात, मग. कळलं?"

नायफने मान हलवली. गालावर मारायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं.

दोघे आत बसले. बिशर तीन जाड सदरे आणि टोपी घालून, नायफ आपल्या लोकरी झग्यात. काचा बंद झाल्या. आम्ही गाडीभोवती उभे. येणारे-जाणारे बघत होते. म्हाताऱ्यांनी एका गाडीला वेढा का घातलाय ते कुणाला कळेना. हाजी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. हायल किटली छातीशी धरून म्हणत होता, "गाळ, लेका, गाळ! घाम गाळ!"

काचेआड नायफ सारखा बोलत होता. काय बोलत होता ते बिशरने नंतर सांगितलं: कॉफी कशी भाजायची ते. कुठल्या रंगाला उतरवायची, वेलदोडा कधी टाकायचा, बापाने लहानपणी करपलेल्या दाण्यांसाठी कसा मार दिला. नायफ स्वतः घामाने निथळत होता, झगा अंगाला चिकटलेला. मधून मधून रुमालाने तो बिशरचा चेहरा पुसून काढत होता, कारण अंगावर राहिलेला घामही काटा मोजतो.

मग बिशरची मान कलंडली.

"डोळे!" कॅप्टनने काचेवर थाप मारली. "डोळे मिटतोय! मार त्याला!"

नायफचा हात वर गेला. आणि तिथेच राहिला. तोच हात, तोच गाल, फूटभर अंतर. त्याच्याने खाली आणवेना. बाहेर आम्ही सगळे ओरडत होतो, हायल सगळ्यांत मोठ्याने: "मार रे! मार ना, लेका!" काय दिवस आला होता बघा, चार दिवसांपूर्वी याच थापडेसाठी हा माणूस दुकान फोडायला निघाला होता.

बिशरने अर्धवट डोळे उघडले. त्याचे ओठ हलले. मला काचेतूनही कळलं.

"मारा ना, भाऊ."

नायफने मारलं. मारलं कसलं, शाळेच्या दिवशी लेकराला उठवतात तसं गालावर थोपटलं. एकदा, दोनदा. थोपटत राहिला आणि हमसून हमसून रडत राहिला. बिशर जागा झाला आणि हसला. ओठ फुटून रक्त आलं तरी हसत होता.

माझ्या शेजारी कुणीतरी नाक ओढलं. बघते तर मुफलिह.

तासाच्या आत बिशर पुन्हा काट्यावर उभा होता. दोन माणसांनी धरून आणला, पण वर चढताना त्याने हात झटकले. एकटा उभा राहिला. नजर समोर, भिंतीवर. काटा डगमगला, थांबला. माणसाने आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"सहासष्ट."

म्हाताऱ्यांनी जो गलका केला तसा त्या हॉटेलात पुन्हा होणं नाही. कॅप्टन मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन धावला. "पी, हळूहळू पी!"

बिशरने बाटली बाजूला सारली. "आधी ते."

हायलने रुमाल सोडून किटली नायफच्या हातात दिली. तिला अजून ऊब होती. नायफचा झगा ओला, डोळे सुजलेले. त्याने दोन घोट ओतले. बिशरने फिंजान दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायला. दीड दिवसाच्या कोरड्या तोंडात ती कडू कॉफी गेली तेव्हा त्याचे डोळे आपोआप मिटले, आणि या वेळी कुणी त्याला जागं केलं नाही.

हाजी सलामा वाट बघत होते. फिंजान हललं की तह संपला, समेट झाला, माणसं घरी जाऊन जेवायला मोकळी. नायफ किटली धरून समोर उभा. मुफलिहची माळ थांबलेली.

बिशरने डोळे उघडले, नायफकडे बघितलं आणि रिकामं फिंजान पुढे केलं. हलवलं नाही.

नायफने पुन्हा ओतलं.

"अरे, पुरे कर!" कॅप्टन कळवळला. "उद्या लढायचंय तुला!"

बिशरने तेही प्यायलं आणि फाटक्या ओठांनी हसत फिंजान पुन्हा पुढे केलं. तसंच. न हलवता.